डान्स अल्बम पूर्ण कसा ऐकायचा आणि त्याच्यावर लोक काय बोलले ते कसं वाचायचं

आपल्याकडे खान्देशात डान्सचं गाणं म्हणजे हळद, वरात नाहीतर विसर्जनाची मिरवणूक, ते पायाने ऐकायचं असतं, खुर्चीत बसून ते कोणी ऐकत नाही. म्हणून कोणी सांगितलं की अमक्या पॉप सिंगरचा डान्स अल्बम जबरी आहे तर आपण काय करतो, त्यातलं सगळ्यात फेमस गाणं लावतो, मोबाईलच्याच स्पीकरवर अर्धं ऐकतो, मग त्याला किती स्टार मिळाले ते गुगल करतो आणि झालं मत तयार. अशाने अल्बमही कळत नाही आणि स्टार देणारे नेमकं कशाबद्दल बोलत होते तेही कळत नाही. खाली देतोय ती पद्धत कुठल्याही डान्स अल्बमला चालेल पण शिकायला एकच घेऊ, मॅडोनाचा 'कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर', कारण तो मुळातच डीजेच्या सेटसारखा बांधलाय आणि त्याच्यावर जगात जे बोललं गेलं ते इतकं वेगवेगळं आहे की एका अल्बमवर सगळी शिकवणी होऊन जाते.

आधी जेवढी लागते तेवढी माहिती. अल्बम आला नोव्हेंबर २००५ मधे, मॅडोनाचा दहावा स्टुडिओ अल्बम. स्टुडिओ अल्बम म्हणजे हिट गाण्यांचं कलेक्शन नाही, लाइव्ह प्रोग्रामचं रेकॉर्डिंग पण नाही, नवीन गाणी बनवून एका मोटेत बांधलेली. १२ गाणी, सगळी मिळून ५६ मिनिटांच्या आसपास. मुख्य प्रोड्युसर स्टुअर्ट प्राइस नावाचा इंग्लंडचा माणूस, स्वतः डीजे, आणि मॅडोनाच्या २००१ आणि २००४ च्या टूरला तोच म्युझिक डायरेक्टर होता त्यामुळे दोघांचं जमलेलं होतं. बरंचसं काम लंडनमधे त्याच्या घरच्या स्टुडिओत झालं, म्हणजे कोट्यवधीच्या पॉपस्टारचा अल्बम आणि जागा एका फ्लॅटमधली. काही गाण्यांत मिरवेस नावाचा फ्रान्सचा प्रोड्युसर आहे, एक गाणं ब्लडशाय अँड अवांत या स्वीडनच्या जोडीचं पण आहे, पण सगळ्याला एक रंग दिला तो प्राइसने. बस, लावायच्या आधी इतकंच. रिव्ह्यू आत्ता वाचायचे नाहीत, कोणी पाठवला तरी उघडू नका, आधी ऐकायचं.

आता सेटिंग, आणि इथे आळस केला तर पुढचं सगळं वाया. या अल्बममधे गाणं संपत नाही, एक गाणं दुसऱ्यात शिरतं. म्हणून ॲपमधे शफल बंद पाहिजे, क्रॉसफेड शून्यावर पाहिजे आणि गॅपलेस नावाचं ऑप्शन असतं ते चालू पाहिजे. क्रॉसफेड चालू राहिला तर ॲप स्वतःच्या अकलेने गाणी एकमेकांवर चढवतं आणि प्राइसने मेहनत करून केलेला जोड सत्यानाश होतो. फुकटच्या अकाउंटवर मधेच कर्जाची नाहीतर लग्न जुळवायची जाहिरात येते, तिच्यावर काही इलाज नाही, एखाद्या मित्राचं प्रीमियम असेल तर तेवढ्यापुरतं मागून घ्या. आणि हो, या अल्बमची सुटी व्हर्जन पण फिरतात, तेव्हा डिजिटल विक्रीला न जोडलेली गाणी आणलीच होती, तर दोन गाण्यांच्या मधे स्वच्छ शांतता आली की समजायचं आपल्याकडे चुकीचा माल आलाय, दुसरी लिंक शोधा.

मोबाईलच्या स्पीकरवर नाही म्हणजे नाही. त्याच्यामागे कारण आहे, नखरे नाहीत. डान्स गाण्याचा जीव असतो किकमधे, म्हणजे ड्रमच्या धप धप ठोक्यात, आणि बेसमधे, म्हणजे खालच्या जाड सुरात, किकचा धक्का साधारण ५० ते १०० हर्ट्झमधे असतो आणि मोबाईलचा एवढासा स्पीकर तिथपर्यंत उतरूच शकत नाही, तो वरची टिकटिक आणि बाईचा आवाज ऐकवतो. म्हणजे तुम्ही पोळीचा पापुद्रा खाऊन पुरणाबद्दल मत देताय. साधे वायरचे इयरफोन पण चालतात, कानात नीट घट्ट बसले पाहिजेत, सैल बसले तर बेस बाहेर सांडतो. ब्लूटूथ स्पीकर असेल तर तो खोलीच्या मधे न ठेवता भिंतीला टेकवून नाहीतर कोपऱ्यात ठेवा, बेस वाढलेला लगेच जाणवेल.

वेळ कुठली घ्यायची? मे महिन्यात जळगावात दुपारी ४४-४५ डिग्रीत कोणाला काय सुचणार, तेव्हा रात्री गच्चीवर, पाणी मारून झालं की. नाहीतर एसटी. जळगावहून चोपड्याला नाहीतर भुसावळहून रावेरकडे जाताना तासाभराचा निवांत वेळ मिळतो, खिडकीबाहेर केळीचे बाग पळत असतात आणि अल्बम बरोबर त्यात बसतो. गाडी चालवताना मात्र नको, का ते पुढे कळेल, मोजायचं काम आहे.

पहिल्यांदा ऐकताना फक्त किक धरा. शब्द सोडून द्या, इंग्लिश कळतंय की नाही याचं टेन्शन घेऊ नका. धप धप धप धप, चारही मात्रांवर सारखा पडणारा ठोका, डिस्को आणि त्याच्यातून निघालेलं क्लबचं हाउस म्युझिक, दोन्हीचा पाया हाच. आपल्या वरातीच्या ठेक्यात वजन खाली-वर होतं, पॅडवाला मधे काहीतरी कुरापत करतो आणि आपला खांदा त्या कुरापतीवर उडतो, इथे तसं नाही, इथे ठोका घड्याळासारखा चालतो आणि कुरापत बाकीचे आवाज करतात. पहिलं गाणं 'हंग अप' मिनिटाला साधारण १२५ ठोके आहे. चार ठोक्यांचं एक आवर्तन धरा, अशी सोळा आवर्तनं म्हणजे ६४ ठोके, म्हणजे अंदाजे ३० सेकंद. आता नुसतं बघा, काहीही नवीन यायचं असलं, बेस शिरायचा, आवाज बंद व्हायचा, कोरस फुटायचा, तर ते जवळजवळ नेहमी चार, आठ नाहीतर सोळा आवर्तनं पूर्ण झाल्यावरच येतं. दोन-तीन गाण्यांत शरीराला हे कळायला लागतं आणि मग मोजायची गरज राहत नाही, पुढे काहीतरी येणार हे पायालाच आधी कळतं. डान्स म्युझिकची अर्धी मजा या आधी कळण्यात आहे. ज्याला हे कळलं नाही तो म्हणतो एकच गाणं वाजतंय, आणि त्याचं चूक नाही, त्याला अजून दार सापडलं नाही.

दुसरी गोष्ट फिल्टर. मधेच असं वाटतं की गाणं पाण्याखाली गेलं किंवा शेजारच्या मांडवात वाजतंय, सगळं दबलेलं, आणि मग हळूहळू उघडत जातं आणि एकदम समोर. ते म्हणजे वरच्या पट्टीचे आवाज कापून टाकायचे आणि हळूहळू परत सोडायचे. फ्रान्सच्या हाउसवाल्यांनी नव्वदच्या दशकात हा प्रकार खूप वापरला आणि प्राइसच्या हातात तो पक्का बसलेला आहे. 'हंग अप'ची सुरुवात ऐका, घड्याळाची टिकटिक, मग लांबून येणारी ती बासरीसारखी सिंथची, म्हणजे सिंथेसायझरची धून, दबलेली, मग उघडते. ही धून कोणाची ते पुढे सांगतो.

जोड ऐकणं हे या अल्बमचं खरं काम आहे, इथे घाई करू नका. खान्देशातल्या माणसाला हे शिकवायची तशी गरज नाही, कारण चांगला बेंजो पार्टीवाला एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना ठेका सुटू देत नाही, नाचणाऱ्यांना कळायच्या आत गाणं बदललेलं असतं, आणि जो बंद करून परत सुरू करतो त्याच्या वरातीत लोक पाणी प्यायला निघून जातात आणि परत येत नाहीत. प्राइसने हेच केलंय, फक्त स्टुडिओत, मिलिमीटर मोजून. पहिल्या गाण्यातून 'गेट टुगेदर'मधे, तिथून 'सॉरी'मधे, तिथून 'फ्युचर लव्हर्स'मधे. स्क्रीन बघू नका, फोन उलटा ठेवा, आणि कुठे वाटलं की गाणं बदललं तिथे बोट वर करा. मग दुसऱ्यांदा स्क्रीन बघत ऐका. बहुतेक वेळा पुढच्या गाण्याचा एखादा आवाज तुमच्या बोटाच्या आधीच आत येऊन बसलेला असतो. हे कळलं की मग प्रश्न पडतो की हे गाणं संपलं कुठे, आणि हाच प्रश्न पडावा म्हणून अल्बम बनवलाय.

आता गाण्यांबद्दल, पण सगळ्या १२ वर सारखं बोलण्यात अर्थ नाही.

'हंग अप'मधली ती धून अब्बाची, १९७९ च्या 'गिमी गिमी गिमी'ची. स्वीडनचा हा ग्रुप स्वतःच्या गाण्याचा तुकडा सहसा कोणाला वापरू देत नाही, त्याच्याआधी फुजीज या अमेरिकेच्या हिपहॉप ग्रुपला मिळाला होता, बस. मॅडोनाने अब्बाची गाणी लिहिणाऱ्या बेनी अँडरसन आणि ब्यॉर्न उल्वेयस यांना पत्र लिहिलं, आणि ते पत्र आणि गाणं घेऊन माणूस स्टॉकहोमला पाठवला, तेव्हा परवानगी मिळाली, आणि गाण्याच्या कमाईत त्यांचा वाटा आला. हे कशाला सांगतोय, तर डान्स अल्बमचा रिव्ह्यू करताना आपण ओरिजिनल आहे की चोरलंय एवढंच विचारतो. तिथे तो प्रश्न वेगळा असतो, परवानगी घेतलीय, नाव दिलंय, पैसे दिलेत, मग प्रश्न उरतो की त्या तुकड्याचं केलं काय. १९७९ चं साल पण लक्षात ठेवा. त्याच वर्षी १२ जुलैला शिकागोच्या बेसबॉल ग्राउंडवर लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्डांचा ढीग करून बार उडवला होता, नंतर मैदानात दंगल झाली आणि दुसरी मॅच सोडून द्यावी लागली. म्हणजे अमेरिकेत डिस्कोवर राग होता, आणि तो पूर्ण गेला असं कधी झालं नाही. हे पुढे आकडे वाचताना कामाला येईल.

'फ्युचर लव्हर्स' हे माझं आवडतं, आणि ते ऐकायच्या आधी डोना समरचं १९७७ चं 'आय फील लव्ह' एकदा ऐकाच. जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉटने ते जवळजवळ पूर्ण सिंथेसायझरवर बनवलं होतं, तो गुरगुरत धावणारा बेस तिथून आला आणि अर्ध्या जगाच्या डान्स म्युझिकमधे शिरला. 'फ्युचर लव्हर्स' त्याच बेसला नमस्कार करून उभं राहतं, आणि २००६ च्या टूरमधे तर मॅडोनाने दोन्ही गाणी एकमेकांत मिसळूनच म्हटली. 'सॉरी'मधे वेगवेगळ्या भाषांमधे माफी मागितलीय, त्यात हिंदी पण आहे, कान उघडे ठेवा, मित्रांना ऐकवायला मजा येते. 'आय लव्ह न्यूयॉर्क' मला कमजोर वाटतं, ठोका चांगला आहे पण न्यूयॉर्कशी यमक जुळवायला 'डॉर्क' आणलाय, आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगला चालेल अशी जुळवाजुळव. 'फॉरबिडन लव्ह', 'हाऊ हाय' ठीक, वाहून नेतात. 'जंप' जबरदस्त आहे, त्याचा बेस कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरवर ऐका. 'आयझॅक'मधे मधोमध येमेनी ज्यू परंपरेतला पुरुषी आवाज येतो, यित्झाक सिनवानी या गायकाचा, त्याच्याच नावावरून गाण्याचं नाव, यित्झाक म्हणजेच इंग्लिशमधे आयझॅक, त्याच्यावर वाद पण झाला, येतो त्याच्यावर. शेवटची गाणी वेग उतरवत नेतात, अल्बमच्या नावात कन्फेशन्स आहे ते या शेवटच्या भागामुळे पटतं, सुरुवातीला नाचणं आणि शेवटी स्वतःबद्दल बोलणं.

तिसऱ्यांदा एकट्याने ऐकायचं नाही. चार-पाच जण गोळा करा, कॉलेजचे मित्र, भाऊ, वहिनी, कोणी पण, शक्यतो ज्यांनी हा अल्बम ऐकलेला नाही असे. शेवभाजी नाहीतर भरीत-पुरी ठेवा म्हणजे लोक टिकतात. काही सांगू नका, नुसतं लावा आणि लोकांकडे बघा. कोणत्या गाण्यावर पाय हलतो, कोणत्या गाण्यावर मोबाईल बाहेर निघतो, कोण कोणत्या गाण्यावर बोलायला लागतं. एखादा येऊन 'हाई काय शे भो' म्हणेलच, त्याला काही समजावू नका, लोकांनी अल्बम कसा घेतला त्याच्यात ते पण येतं. वहीत लिहून ठेवा. आणि गच्चीवर मोठा स्पीकर लावणार असाल तर रात्री १० ला बंद, नियम तसाच आहे, १० ते सकाळी ६ बाहेर मोकळ्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि शेजारच्या काकांना मॅडोना कोण हे पोलीस आल्यावर समजावत बसायला लागू नये.

हे झालं की मग रिव्ह्यू उघडा. आणि इथे माझं मुख्य म्हणणं आहे, की लोकांना आवडला का असा एक प्रश्न नसतो. कोणत्या लोकांना, हे आधी ठरवायचं. समीक्षक वेगळे, दुकानात पैसे देणारे वेगळे, रेडिओवाले वेगळे, क्लबचे डीजे वेगळे, ज्यांना राग आला ते वेगळे, आणि पंधरा-वीस वर्षांनी परत येणारे वेगळे. यांची उत्तरं एकमेकांशी भांडतात. वहीत प्रत्येकाला वेगळं पान द्या, मिसळू नका.

समीक्षकांच्या पानावर पहिली ओळ आधीच्या अल्बमची लिहायची, कारण कुठलाही समीक्षक रिकाम्या डोक्याने ऐकत नाही. मॅडोनाचा आधीचा अल्बम 'अमेरिकन लाइफ' २००३ चा, गिटार आणि इलेक्ट्रॉनिक आवाज, राजकारण, इराक युद्धाचा काळ, त्यातल्या एका गाण्याचा व्हिडिओ तिने स्वतःच मागे घेतला होता. रिव्ह्यू मिश्र आले, विक्री पण तिच्या मानाने कमी. म्हणून २००५ च्या रिव्ह्यूंमधे पुनरागमन, परत डान्स फ्लोअरवर, असे शब्द सारखे दिसतात. ती स्तुती अल्बमची किती आणि आधीच्या अल्बमच्या तुलनेत सुटका झाल्याची किती, हे वाचताना वेगळं करायला शिका. मेटाक्रिटिक या रिव्ह्यूंची सरासरी काढणाऱ्या साइटवर १०० पैकी ८० आली, म्हणजे बहुतेकांना चांगला वाटला. कशासाठी चांगला म्हटला ते बघा, अखंड वाहणं, प्राइसचं काम, जुन्या डिस्कोचा मान ठेवून नवं वाटणं. तक्रार कशाची, तर शब्दांची, आणि न्यूयॉर्कवालं गाणं बऱ्याच जणांनी धुतलं. आता तुमच्या वहीतलं बघा, तुमच्या लोकांनी शब्दांची तक्रार केली का? बहुतेक नाही, कारण शब्द त्यांनी ऐकलेच नाहीत. म्हणजे इंग्लिशवाला समीक्षक आणि अमळनेरचा तुमचा मित्र दोन वेगळे अल्बम ऐकतायत, आणि दोघेही खरं बोलतायत.

अजून एक, त्यावेळी ती ४७ वर्षांची होती. रिव्ह्यूमधे वयावर टोमणा आला की पेन्सिलने खूण करा. ऑगस्ट २००५ मधे वाढदिवसालाच ती घोड्यावरून पडली, हाडं मोडली, आणि नंतर काही आठवड्यांनी 'हंग अप'च्या गुलाबी कपड्यातल्या व्हिडिओत नाचली. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात वाढलेल्या माणसाला घोड्यावरून पडणं म्हणजे काय ते सांगायला नको. तरी वयावरच लिहिणारे होते, आणि त्या ओळीत अल्बमबद्दल काहीच माहिती नसते, ती गाळून वाचायची.

आकड्यांचं पान सगळ्यात फसवं. 'हंग अप' ४१ देशांत एक नंबरला गेलं आणि अल्बम ४० देशांत, दोन्हीची नोंद गिनीजमधे झाली. जगभर १ कोटीच्या वर कॉपी. आता अमेरिका बघा. अल्बम तिथे पण पहिल्याच आठवड्यात एक नंबरला, पण 'हंग अप' बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० वर, म्हणजे तिथल्या गाण्यांच्या मुख्य चार्टवर, सातपर्यंतच, आणि 'सॉरी' जे ब्रिटनमधे एक नंबर होतं ते अमेरिकेत ५८. एकच गाणं, एकच आवाज, एकीकडे १ आणि दुसरीकडे ५८! गाणं वाईट असतं तर ब्रिटनमधे पण पडलं असतं ना. कारण रेडिओ. त्या चार्टमधे तेव्हा रेडिओवर किती वाजलं याला मोठं वजन होतं, आणि अमेरिकेच्या रेडिओवर तेव्हा हिपहॉप आणि आरअँडबीचं राज्य, डिस्कोसारखं काही वाजवायला स्टेशनवाले तयार नव्हते. आणि गंमत म्हणजे त्याच अमेरिकेत, त्याच बिलबोर्डचा क्लबांमधे काय वाजतंय याचा तेव्हा वेगळा चार्ट होता, तिथे या अल्बमची चारही सिंगल्स, म्हणजे सुटी बाजारात काढलेली गाणी, 'हंग अप', 'सॉरी', 'गेट टुगेदर' आणि 'जंप', एक नंबरला गेली. तरी सातव्या नंबरला कमी समजू नका, 'हंग अप' हे तिचं अमेरिकेत टॉप टेनमधे गेलेलं ३६ वं गाणं होतं आणि त्याने एल्विस प्रेस्लीच्या आकड्याशी बरोबरी झाली.

म्हणून नियम असा करा की कुठलाही नंबर लिहिताना त्याच्यापुढे तीन गोष्टी लिहायच्या, कुठल्या देशाचा, कुठला चार्ट, आणि तो चार्ट मोजतो काय. हे तीन नसतील तर तो नंबर वहीत घ्यायचाच नाही. आपल्या अहिराणी गाण्यांचं पण तेच आहे. यूट्यूबवर कोटींमधे व्ह्यूज असतात, आणि पुण्या-मुंबईच्या पेपरात त्या गाण्यावर ओळ पण नसते, मग कोणी म्हणतं हे गाणं सुपरहिट, कोणी म्हणतं आम्ही तर नावही ऐकलं नाही, आणि दोघे तावातावाने भांडतात. नंदुरबार, धुळे, सुरतेकडे कामाला गेलेली आपली माणसं, लग्नाचा सीझन, डीजेच्या पेनड्राइव्हमधे आहे की नाही, हे मोजणारा चार्टच नाही. असता तर काही गाण्यांची पोझिशन बघून भल्याभल्यांचे डोळे पांढरे झाले असते.

रागावलेल्यांचं पान छोटं ठेवा. 'आयझॅक'वर अल्बम बाजारात यायच्या आधीच इस्रायलमधल्या काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, आक्षेप घेतला, सोळाव्या शतकातल्या आयझॅक लुरिया या संताच्या नावाचा वापर केलाय म्हणून. मॅडोनाचं म्हणणं होतं की गाणं लुरियावर नाहीच, नाव गायकाचं आहे. इथे तपासायची गोष्ट एकच, आक्षेप घेताना गाणं ऐकलेलं होतं का. आपल्याकडच्या वादांना पण हाच प्रश्न लावून बघा.

बक्षिसांचं पान तर अजून छोटं. फेब्रुवारी २००७ मधे बेस्ट इलेक्ट्रॉनिक किंवा डान्स अल्बमचं ग्रॅमी मिळालं. ही एक वेगळी खोली आहे, मुख्य अल्बम ऑफ द इयर नाही, डान्सवाल्यांना तिथे वेगळ्या पंगतीला बसवतात. २००६ ची टूर मात्र चालली, ६० शो, १९ कोटी डॉलरच्या वर कमाई, तोपर्यंत कुठल्याही बाई कलाकाराच्या टूरने एवढं कमावलं नव्हतं.

शेवटचं पान नंतरच्या वर्षांचं, आणि हे बरेच जण लिहीतच नाहीत. पहिल्या आठवड्याचे रिव्ह्यू घाईत लिहिलेले असतात. दहा-पंधरा वर्षांनी नवीन लोक त्या अल्बमकडून काय उचलतात ते बघायचं. दुआ लिपाच्या २०२० च्या 'फ्युचर नॉस्टॅल्जिया'मधे 'हॅल्युसिनेट' गाण्याला स्टुअर्ट प्राइसचाच हात आहे. बियॉन्सेचा २०२२ चा 'रेनेसांस' बराचसा असाच एकात एक जोडलेला आहे, त्याला पण डान्सवालंच ग्रॅमी मिळालं, आणि त्याच्या शेवटच्या गाण्यात परत तेच डोना समरचं 'आय फील लव्ह' येऊन बसतं.

आता स्वतःचं लिहायचं. एका बैठकीत, फार तर दीड पान. भारी, कडक, आग, एक नंबर, हे शब्द लिहिले तर पुढे कंसात कारण लिहायचं असा स्वतःला दंड लावा. 'बेस भारी आहे' हे काही वाक्य नाही. 'जंपमधे बेस सुरुवातीपासून एकच ओळ धरून बसतो आणि कोरसला पण हलत नाही, त्यामुळे वरचा आवाज उडतोय असं वाटतं', हे वाक्य आहे, कोणी खोटं ठरवू शकतो, वाद घालू शकतो. वेळ लिहा, कितव्या मिनिटाला काय झालं. जोडाबद्दल एक तरी ओळ पाहिजे. आपण कशावर ऐकलं ते लिहा, इयरफोन, डीजेचा स्पीकर, एसटी. आणि तुमची आवड कुठून येते ते पण लिहा, लाजू नका, वरातीत नाचून तयार झालेला कान आहे तर तो तसा आहे, पॅडची कुरापत नाही म्हणून सुरुवातीला कंटाळा आला असेल तर तेच लिहा, ते लंडनच्या समीक्षकाला लिहिता येणार नाही. समीक्षकांचं मत सगळ्यात शेवटी, दोन ओळीत, आणि तुमचं कुठे जुळत नाही तेवढंच. स्टार द्यायचेच असतील तर लिहून झाल्यावर द्या, आधी दिले की सगळी वाक्यं त्या स्टारांची वकिली करायला लागतात.

पुढे हात साफ करायला कायली मिनोगचा २०१० चा 'अफ्रोडायटी' घ्या. तो पण स्टुअर्ट प्राइसच्याच देखरेखीखाली झालाय, तोच चकचकीतपणा, तेच उघडणारे-मिटणारे फिल्टर, पण गाणी सुटी आहेत, प्रत्येक गाणं आपल्या पायावर उभं राहून संपतं. दोन्ही लागोपाठ दोन रात्री ऐकले तर कळतं की कोणतं कसब त्या माणसाचं आहे आणि कोणतं त्या एका जोडलेल्या अल्बमचं. त्याला पानं कमी लागतील, समीक्षक, चार्ट आणि तुमची गच्ची, एवढ्यात भागतं.